मी परत मिळवलेले आठ हजार चारशे

आमच्या सासऱ्यांच्या वडिलांचं श्राद्ध मी बुडवलं. देवाधर्मावर विश्वास नाही म्हणून नव्हे. मला क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट फार छान वाचता येतं म्हणून. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जो काही शहाणपणा पाजळला तो वाचताना कुणी चुकूनही माझ्या बाजूने उभं राहू नये.

बिलं तपासणं हा माझा धंदाच. चेन्नईत शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत वीसेक वर्षं मी हेच करतेय. टॅक्सीवाला, कँटीनवाला, एसी दुरुस्त करणारा, सगळ्यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात आणि त्यातले बरेच तिथेच अडकतात. न आलेल्या दिवसाचे पैसे लावणारे, एकच काम दोनदा दाखवणारे, 'इतर खर्च' असं लिहून देवाच्या भरवशावर सोडून देणारे, असले महाभाग मी लांबून ओळखते. माझ्या नजरेतून काही सुटत नाही अशी ऑफिसात माझी ख्याती आहे. ती पसरवण्याचं बरंचसं काम मीच केलंय.

मूळची मी कोल्हापूरची. लग्न होऊन चेन्नईत आले ती तंजावरकडच्या मराठी घरात. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेली ही माणसं. 'येऊंलाहे, जाऊंलाहे' असं बोलतात, वाक्याला तमिळ हेल काढतात आणि त्याला मराठी म्हणतात. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पुढेही मी ते फारसं आवरलं नाही. नवरा तर मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर देतो. केंद्र सरकारच्या कचेरीत आहे, तिथे बहुधा कुठल्याच भाषेत उत्तर द्यावं लागत नसावं.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्र्याऐंशी वर्षांचे. आज तिथी कोणती, हे पंचांग न उघडता सांगतात. वडील गेले तेव्हापासून एकही वर्ष त्यांनी श्राद्ध चुकवलेलं नव्हतं. बदलीच्या गावी केलं, तापाने फणफणले असताना केलं, छातीवरचे टाके ओले असताना केलं. बाकी आयुष्यात त्यांनी कशाचाही आग्रह धरल्याचं मला आठवत नाही.

मागच्या वर्षीचं श्राद्ध आमच्या अण्णा नगरच्या फ्लॅटमध्येच झालं. सासूबाई आता नाहीत, त्यामुळे स्वयंपाक माझ्या गळ्यात. पहाटे उठून सोवळ्यात कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, उडदाचे वडे, खीर, तिळाचे लाडू. जेवायला दोन ब्राह्मण, आणि त्यांचं पोट भरेपर्यंत घरात कुणी घोटभर चहा घ्यायचा नाही. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून ऑफिसची मीटिंग ऐकत वडे तळत होते. दोघांपैकी एकाने खीर चाखून नाक मुरडलं. झालं! माझं टाळकंच सटकलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर मी सांगून टाकलं, "हे पुढच्या वर्षीपासून माझ्या घरात होणार नाही. हवं तर एखाद्या अनाथाश्रमाला देणगी देऊ." नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असा बघत बसला, जणू त्याला आत्ताच कळलं की वर्षाला बारा महिने असतात. अप्पा म्हणाले, "बरं."

एवढंच. 'बरं.' मला वाटलं, बघा, नीट ठणकावून सांगितलं की माणसं ऐकतात.

पुढे आठ-नऊ महिन्यांनी, एका रविवारी सकाळी मी कार्डाचं स्टेटमेंट घेऊन बसले. रविवारचा चहा, लाल पेन आणि छापलेलं स्टेटमेंट हे माझं व्रत. मोबाइलवर येणारे मेसेज मी वाचत नाही. दिवसाला पन्नास मेसेज, त्यातले पंचेचाळीस कर्ज घ्या म्हणून पाया पडणारे. कागदावर सगळं ओळखीचं होतं. किराणा, औषधं, मेट्रोचं रिचार्ज. आणि मध्येच एक परकी ओळ. एका देवीचं नाव, पुढे 'ट्रेडर्स', आणि आठ हजार चारशे रुपये. देवीला मी ओळखत होते, ट्रेडर्सना नाही.

शेजारी कार्डाचे शेवटचे चार आकडे होते. ते माझ्या कार्डाचे नव्हते. माझ्याच खात्यावर अप्पांच्या नावाने एक जोडकार्ड काढलेलं आहे, त्याचे होते. अप्पांच्या मोतीबिंदूच्या वेळी हॉस्पिटलात लागेल म्हणून काढलेलं, आणि तेव्हापासून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पाकिटासकट पडून असलेलं. कार्ड कुठल्या बाजूने घालायचं हे अप्पांनी मला तेव्हा तीनदा विचारलं होतं. हा माणूस एकटा उठून कुठल्या ट्रेडर्सकडे जाणार, आकडे दाबणार आणि आठ हजारांची खरेदी करणार? छे! कार्डाची नक्कल झाली होती, सरळ होतं. मी निकाल देऊन मोकळी झाले.

अप्पा तेव्हा समोरच्याच खुर्चीत पेपर वाचत बसले होते. हात लांबवला असता तर त्यांच्या गुडघ्याला लागला असता. पण त्यांना विचारावं असं माझ्या मनालाही शिवलं नाही. आमच्या घरात अप्पांना विचारायची पद्धतच उरली नव्हती. त्यांना सांगायचं असतं. जेवायला चला, गोळी घ्या, टीव्हीचा आवाज कमी करा.

मी बँकेला फोन लावला. आधी तमिळमध्ये एक दाबा, इंग्रजीत दोन दाबा, मग तीच ती पिपाणी वाजत राहिली. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक यंत्र मला दर मिनिटाला सांगत होतं. इतका महत्त्वाचा होता तर उचला की! शेवटी एक मुलगी आली. "मी तुमची अडचण समजू शकते, मॅडम," ती म्हणाली. अजून मी अडचण सांगितलीही नव्हती. नाव सांगा, जन्मतारीख सांगा, शेवटचा व्यवहार सांगा. असल्या पोपटांना पगार कोण देतं, असा विचार करत मी सगळं सांगितलं.

मग तिने त्या अख्ख्या फोनमधला एकच अक्कलेचा प्रश्न विचारला. "हे कार्ड ज्यांच्या नावावर आहे त्यांना तुम्ही विचारलंत का, मॅडम?"

"विचारलं," मी म्हणाले.

खोटं. धडधडीत खोटं, आणि तेसुद्धा किती सहज! समोर बसलेल्या माणसाकडे बघत मी ते बोलले. बँकेतल्या पोरीने मला काम शिकवावं हे मला सहन होईना, बस्स. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर त्याला मी दोन दिवस झोपू दिलं नसतं.

त्या मुलीने कार्ड बंद केलं आणि ईमेलवर एक फॉर्म पाठवला. 'सदर व्यवहार मी केलेला नाही व त्यास माझी संमती नव्हती', खाली कार्डधारकाची सही. मी तो छापला आणि अप्पांच्या पेपरवर ठेवला.

"कशाला हे?" त्यांनी विचारलं.

"बँकेचं आहे. इथे सही करा."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "वाचावं लागेल?"

"काही नाही हो त्यात, नेहमीचंच आहे," मी म्हणाले आणि पेनाचं टोपण काढून हातात दिलं. माझ्याकडे दहा मिनिटं नव्हती. म्हाताऱ्या माणसांना कागद वाचायला दिला की ते पहिल्या ओळीपासून वाचतात, शाळेत धडा वाचावा तसे. अप्पांनी कागद सरळ केला, जुन्या रेल्वेवाल्यांसारखी स्वच्छ, पूर्ण नावाची सही केली, आणि वाळावी म्हणून तिच्यावर फुंकर घातली. मी कागद ओढून घेतला.

तीन आठवड्यांनी आठ हजार चारशे रुपये माझ्या खात्यात परत आले. मी ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी ठेवले. जेवणाच्या सुट्टीत चार जणींना पकडून सांगितलं, की लोक घाबरतात म्हणून लुटले जातात, बँकेच्या मानगुटीवर बसता आलं पाहिजे. नवऱ्यालाही सांगितलं. "सूपर," तो म्हणाला आणि दह्यात मीठ घातलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी घरच्या लँडलाइनवर एक फोन आला. तो फोन आता फक्त अप्पांसाठी ठेवलाय, पण उचलते मीच. पलीकडे कुणी पुरुष तमिळमध्ये घाईघाईने बोलत होता. त्या देवीच्या ट्रेडर्सचं नाव घेऊन म्हणाला, "तुमचं पेमेंट परत गेलंय, पेरियवरांशी जरा बोलायचंय." पेरियवर म्हणजे वडीलधारी व्यक्ती. चोर तो चोर वर शिरजोर! घरात म्हातारं माणूस आहे हेसुद्धा या भामट्यांनी हेरून ठेवलंय, असं मला वाटलं. मी त्याला जे झापलं! माझं तमिळ एरवी भाजीबाजारापुरतं आहे, पण शिव्या द्यायला ते भरपूर पुरलं. "पुन्हा फोन केलास तर पोलिसांत देईन, लाज नाही वाटत म्हाताऱ्यांना लुबाडायला?" तो "मॅडम, मॅडम, ऐका तरी" म्हणत होता. मी फोन आपटला.

"कोण होतं?" अप्पांनी आतून विचारलं.

"राँग नंबर," मी म्हणाले.

आता अप्पांनी काय केलं होतं ते सांगते. 'बरं' म्हणाल्यानंतर ते गप्प बसले नव्हते. वेस्ट मांबलमला श्राद्धासाठी भाड्याने मिळणारी ठिकाणं आहेत. तिथे आचारी, भटजी, जेवायला बसणारे ब्राह्मण, दर्भ, तीळ, सगळं तेच लोक जमवतात. आपण धोतर नेसून उपाशीपोटी जायचं, बस्स. कुणाच्या सुनेला पहाटे उठायला नको. अप्पा एकटे रिक्षाने जाऊन तिथे आपल्या वडिलांच्या तिथीला जागा ठरवून आले. पेन्शनचं पासबुक मुलाकडे. पैसे मागायचे तर कशाला ते सांगावं लागणार, आणि सांगितलं तर घरात पुन्हा तोच तमाशा. म्हणून देव्हाऱ्याखालचं कार्ड. बिलात त्या ठिकाणाचं नाव येईल, सुनेला कळेल आणि ती समजून घेईल, असं त्यांना वाटलं होतं. सुनेबद्दल काय पण विश्वास! त्यांना काय माहीत, की त्या मालकाने मशीन आपल्या मेव्हण्याच्या तांदळाच्या दुकानाच्या नावावर घेतलंय. चेन्नईत पाटीवर एक नाव आणि पावतीवर दुसरंच, हे दर तिसऱ्या दुकानात दिसतं. तसल्या पावत्या मी ऑफिसात रोज फिरवून फिरवून बघते. घरात आली तेव्हा मात्र मला थेट दरोडेखोरच दिसले.

त्या तिथीच्या दिवशी मी घरून काम करत होते. अप्पा सकाळी आंघोळ करून, पंचा आणि धोतराची पिशवी घेऊन "मांबलमला जाऊन येतो" म्हणाले. नाश्ता नको म्हणाले. मी स्क्रीनवरून नजर न काढता "बरं" म्हणाले.

दीडच्या सुमाराला लँडलाइन वाजली. तोच माणूस. आवाज मी लगेच ओळखला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, रागावू नका. इथे एक पेरियवर सकाळपासून बसलेत. पाणीसुद्धा घेत नाहीत आणि उठतही नाहीत. हा एकच नंबर आमच्याकडे लिहिलेला आहे." मग त्याने त्या जागेचं नाव सांगितलं, खरं नाव, आणि श्राद्ध हा शब्द उच्चारला. सगळं एका क्षणात समजलं. बिलं तपासणाऱ्या बाईला जे स्टेटमेंट बघतानाच समजायला हवं होतं, ते तीन महिने उशिरा.

रिक्षात बसून जाताना मी काय ठरवलं ते ऐका. पैसे भरून टाकू. दुप्पट भरू. सगळ्या गोष्टी पैसे भरून मिटतात, हे माझं शिक्षण.

तिथे पोचले तर हॉलमध्ये दुसऱ्याच कुटुंबाची पानं उचलली जात होती. कोपऱ्यात एका पाटावर अप्पा बसले होते, नेसलेलं धोतर, बोटात दर्भाचं पवित्रक, ओठ सुकून पांढरे झालेले. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं. "तू कशाला आलीस, पोरी? ऑफिस असेल ना?" असं म्हणाले. मी मॅनेजरकडे गेले. फोनवरचा तो भामटा हाच, पन्नाशीचा, कपाळावर विभूती, घामाने भिजलेला शर्ट. मी पर्स उघडली. "किती द्यायचे? आत्ता देते. दुप्पट देते."

"पैशांचा प्रश्न नाही, मॅडम," तो म्हणाला. "पैसे परत गेले म्हणून आम्ही नाव काढलं. यांच्यासाठी सांगितलेले दोघं दुसऱ्या घरी गेले, जेवलेसुद्धा. एका दिवसात दोन श्राद्धांचं जेवण चालत नाही. आज तिथी मोठी आहे, मांबलमभर फोन केले मी. कुणी मोकळं नाही. जेवायला बसवू कुणाला?"

मी दोन हजार, पाच हजार, जास्त, असं काहीतरी बोलत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. अशा नजरेने मी ऑफिसात लोकांकडे बघते.

अप्पा उठून आमच्याजवळ आले. रेल्वेवाल्याच्या शिस्तीने, आवाज न चढवता त्यांनी मॅनेजरला विचारलं, की मी पूर्ण पैसे भरले होते, पावती माझ्याकडे आहे, मग ते परत कसे गेले? सकाळपासून ते हेच विचारत होते, आणि मालक बाहेर असल्यामुळे मॅनेजरला नीट उत्तर देता येत नव्हतं. आता मालकाने बँकेकडून आलेला कागद त्याच्या मोबाइलवर पाठवला होता. त्याने तो मोठा करून अप्पांसमोर धरला. "तुम्हीच लिहून दिलंय, सार. हा व्यवहार मी केलेला नाही. ही सही तुमचीच ना?"

अप्पांनी चष्मा सरळ केला आणि तो कागद पहिल्या ओळीपासून वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. मग एकदा माझ्याकडे बघितलं.

त्यांनी रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते बघणं असं होतं, की बिचारी सून आता कशी निभावेल.

"सही माझीच," ते मॅनेजरला म्हणाले. "मरन्दुट्टेन." विसरलो.

आपल्या वडिलांची तिथी पन्नासहून जास्त वर्षं न विसरलेला माणूस. नातवाच्या परीक्षेची तारीख, माझ्या वडिलांच्या पुण्यतिथीचा दिवस, कुठली गाडी कुठल्या साली किती वाजता सुटायची, यातलं काहीही न विसरलेला.

मॅनेजर लगेच मऊ झाला. तिथल्या एका वयस्कर भटजींनी हळूच सुचवलं, की निदान तर्पण तरी करा, तीळ-पाणी सोडा, अगदीच काही नाही असं नको. अप्पा म्हणाले, "पिंड नाहीत?" भटजींनी नाही म्हणून मान हलवली. अप्पा पुन्हा त्या पाटावर जाऊन बसले. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, पुढच्या वर्षी असेल-नसेल, आणि चुकलं ते हे वर्ष. ओंजळीतून तीळ-पाणी सोडताना ते वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव नीट उच्चारत होते. एकही नाव अडखळलं नाही.

मॅनेजर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. अप्पा चार हातांवर होते. त्यांचे कान ठणठणीत आहेत, आणि तमिळ त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं येतं. तरी तो आपल्या साध्या आवाजात, ते तिथे नसल्यासारखा बोलला. "मॅडम, वय झालंय त्यांचं. डोकं चालत नाही आता. असल्या माणसांच्या हातात कार्ड देऊ नका. आणि एकटं कुठे सोडू नका."

मला एक वाक्य बोलायचं होतं. सही मी घेतली, त्यांना वाचू न देता. एवढंच. कोल्हापूरची जीभ आहे माझी, तीस वर्षं या शहरात कुणापुढे गप्प बसलेली नाही. अप्पांचं पाणी सोडणं मध्येच थांबलं. ते ऐकत होते, हे मला दिसत होतं.

"सरि," मी म्हणाले. बरोबर आहे तुमचं.

अप्पांनी पुढचं नाव घेतलं.